आजीचे दोन डोळे

यंदाच्या आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस नेत्रतपासणीचा होता. दत्तक खेड्यातील शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून मी नावे लिहून घेत होते. तपासणीत ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांची वेगळी यादी करायची आणि ऑपरेशनला तयार आहात का एवढे विचारायचे, इतकेच माझे काम. यादीत आपले नाव आहे हे कळताच साठी ओलांडलेले एक बाबाजी पुढे आले व म्हणाले, "माह्यं नाव काट बाई. ऑपरेशन केलं का डोया जाते."

"कोणाचा गेला बाबाजी?" मी विचारले.

त्यांनी शेजारच्या गावच्या एका म्हातारीचे नाव सांगितले. तिने शिबिरात ऑपरेशन करून घेतले, जाड भिंगाचा चष्मा मिळाला, आणि दोनचार वर्षांत ती होती तशी आंधळी झाली. आता यावर कोणता मुद्दा मांडावा? आमच्या सरांनी दिलेल्या पत्रकात "मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे" असे एक वाक्य होते, ते मी वाचून दाखवले. बाबाजींनी ते ऐकून घेतले व पुन्हा म्हणाले, "काट."

ती म्हातारी माझी आजी नव्हती. पण असू शकली असती. कारण आमच्या आजीचा उजवा डोळा १९९३ सालचा आहे व डावा २०१५ सालचा, असे आम्ही घरी गमतीने म्हणतो. एकाच बाईच्या दोन डोळ्यांची दोन ऑपरेशने, मध्ये बावीस वर्षे. उजव्या डोळ्याने तिला आज काहीच दिसत नाही आणि डाव्याने ती तुरीच्या डाळीतले खडे निवडते. हे असे का झाले, ते मला बारावीपर्यंत नीट माहीत नव्हते. पुढे ग्रंथालयातील पुस्तके, डॉक्टरांना विचारलेले प्रश्न आणि आजीच्या आठवणी यांतून जे कळले ते येथे लिहीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्रीय बाबतीत माझी समजूत जेवढी पोचली तेवढेच लिहिते.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. मसुराच्या दाण्यासारखे दोन्ही बाजूंनी फुगीर, जेमतेम नऊदहा मिलिमीटर रुंदीचे. ते एका पातळ पिशवीत बसवलेले असते. बाहेरचा प्रकाश हे भिंग मागच्या दृष्टिपटलावर गोळा करते, तेव्हा आपल्याला स्पष्ट दिसते. वय वाढले की या भिंगातील प्रथिने गढूळ होऊ लागतात. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग स्वच्छ असतो आणि उकडल्यावर दुधी होतो, साधारण तसेच. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, डोळ्यातले भिंगच खराब झालेले असते. म्हणून कोणत्याही थेंबांनी, अंजनाने वा मधाने तो जात नाही. आमच्याकडे अजून मध घालणारे लोक आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गढूळ भिंग वाटेतून दूर करणे हा एकच उपाय, हे आपल्याकडे फार प्राचीन काळी माहीत होते. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. सुईसारख्या शस्त्राने भिंग मागे ढकलून द्यायचे म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होते. भिंग डोळ्यातच राहायचे, त्यामुळे पुढे डोळा सुजून जाण्याचे भय मोठे. भिंग बाहेर काढण्याची रीत फ्रान्समध्ये जॅक दाव्हिएल याने १७४७ साली सुरू केली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जगभर डॉक्टर भिंग काढून टाकत व रुग्णाला जाड चष्मा देत. आजीचा उजवा डोळा याच रीतीने झाला.

१९९३ साली आजी पन्नाशीची होती. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. उजव्या डोळ्यापुढे धुके दिसू लागले होते, डावा बरा होता. दिवाळीच्या सुटीत तालुक्याच्या गावी शाळेत नेत्रशिबिर भरले. वर्गखोल्यांत सतरंज्या टाकल्या होत्या, बाके व्हरांड्यात रचली होती. ऑपरेशन झाल्यावर डोके हलवायचे नाही, खोकायचे नाही, कुशीवर वळायचे नाही. डोळ्याच्या काळ्या भागाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार चीर देऊन पिशवीसकट सगळे भिंग बाहेर काढत आणि टाके घालत. त्यामुळे जखम भरेपर्यंत फार जपावे लागे. आजीच्या शेजारी निजलेल्या बाईला ठसका लागला तेव्हा सगळी खोली घाबरली होती, असे ती सांगते. महिन्याभराने चष्मा मिळाला. काळी फ्रेम आणि बाटलीच्या बुडासारखी काच.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच आमच्या गावात कोणाला कळली नाही. भिंग काढलेल्या डोळ्याला साधारण अधिक दहा नंबरचा चष्मा लागतो. त्यातून प्रत्येक वस्तू चतुर्थांशाहून अधिक मोठी दिसते व जवळ आल्यासारखी भासते. पायरी आहे असे वाटते तेथे ती नसते. काचेच्या कडेने दृष्टीत एक रिकामे कडे तयार होते; त्यातून चालत येणारा माणूस दिसत नाही आणि एकदम समोर प्रकटतो. आजीच्या शब्दांत, "माणूस भुतावानी पुढं येऊन उभा रायते." त्यातही एका डोळ्याचे भिंग काढलेले व दुसऱ्याचे शाबूत असेल, तर एक डोळा मोठे चित्र दाखवतो व दुसरा लहान. मेंदूला ती दोन चित्रे एकत्र करता येत नाहीत. आजी चहा ओतायची तो बशीच्याही बाहेर. पंधरा दिवसांत तिने चष्मा डब्यात ठेवून दिला व डाव्या डोळ्याने काम सुरू केले. चष्म्यावाचून उजव्या डोळ्याला समोरची बोटे मोजण्यापुरते दिसत होते. गावाने निर्णय देऊन टाकला, ऑपरेशन फसले.

ऑपरेशन फसले नव्हते. डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे आपले काम केले होते. एक डोळा चांगला असताना दुसऱ्याला असला चष्मा दिला तर तो वापरता येणार नाही, हे तिला कोणी समजावले नाही. आणि पुन्हा दाखवायला जायचे असते हे आमच्या घरी कोणाला माहीत नव्हते. शिबिर उठले, शाळा सुरू झाली. पुन्हा जायचे तरी कोणाकडे?

वास्तविक त्या वेळी यावर उपाय निघून चव्वेचाळीस वर्षे झाली होती. त्याची कथा मोठी सुरस आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छताचा ॲक्रिलिक काचपदार्थ फुटून त्याचे कण काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले, की एरवी डोळ्यात कुसळ गेले तर केवढा दाह होतो, पण हे कण डोळा मुकाट्याने सोसतो. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले म्हणतात, की जुने भिंग काढले तर त्याच्या जागी नवे का बसवत नाहीत? (वर्गात भाबडे प्रश्न विचारायला लाजणाऱ्या आम्हा मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.) २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडली यांनी त्याच पदार्थाचे भिंग प्रथम माणसाच्या डोळ्यात बसवले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. डोळ्यात परकी वस्तू ठेवणे म्हणजे अविचार, असे मोठमोठ्या तज्ज्ञांचे मत होते. सुरुवातीला काही डोळे बिघडलेही. रीत सुधारायला तीस वर्षे गेली. म्हातारपणी रिडली यांच्या स्वतःच्या डोळ्यांत अशीच भिंगे बसवली गेली आणि २००० साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

पण लंडनमधील भिंग कळंब तालुक्यात यायला पैसा आडवा येत होता. परदेशी भिंगाची किंमत शेकडो रुपयांत नव्हे, हजारांत होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ साली 'ऑरोलॅब' ही संस्था काढून भिंगे येथेच तयार करायला प्रारंभ केला, व किंमत सुमारे दहा डॉलरवर आली. १९९४ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. शाळेत, धर्मशाळेत भरणारी शिबिरे कमी करून ऑपरेशने रुग्णालयातच व्हावीत आणि चष्म्याऐवजी भिंग बसवावे, असा त्याचा रोख होता. म्हणजे आजीने एकदोन वर्षे थांबून ऑपरेशन केले असते तर! असे मला कितीदा तरी वाटते. पण धुके दिसणाऱ्या बाईने थांबावे तरी कशाच्या भरवशावर?

पुढे डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. २०१२ पासून तिला कमी दिसू लागले, २०१४ मध्ये ती भिंत चाचपत न्हाणीकडे जाऊ लागली. तेव्हा तिने डब्यातला जुना चष्मा काढून उजव्या डोळ्यावर लावून पाहिला. काही दिसेना. काच घासली असेल म्हणून वडिलांनी ती पुसून दिली. तरी दिसेना.

आई-वडील दोघेही मजुरीला जाणारे. घरी आंधळी म्हातारी, आणि चूल व विहीर दोन्ही अंगणात. माझी मोठी बहीण तेव्हा सातवी पास झाली होती. तिला घरी ठेवले. मी लहान, म्हणून माझी शाळा चालू राहिली. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, असे प्रवेशाच्या वेळी सर कौतुकाने म्हणाले तेव्हा मला ताईची आठवण झाली होती. पहिला नंबर तिचा होता. मोतीबिंदू हा म्हाताऱ्यांचा रोग म्हणून आपण सोडून देतो. पण त्या वर्षी आमच्या घरात त्याने शाळा सोडवली ती तेरा वर्षांच्या मुलीची.

आजी दुसऱ्या ऑपरेशनला तयार नव्हती. "एक त देल्ला, आता दुसराबी देऊ का?" हे तिचे म्हणणे आणि ते खोडून काढता येत नव्हते. शिवाय गावात एक समजूत होती की मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय ऑपरेशन करू नये, आणि तेही थंडीतच करावे. जुन्या रीतीत भिंग अखंड काढायचे असल्याने पिकण्याची वाट पाहत, त्यात तथ्य होते. आता तसे नाही. उलट अति पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातच फुगला वा पाझरला तर आतला दाब वाढून डोळा दुखतो व कायमचा जाऊ शकतो. ऋतूचाही संबंध उरलेला नाही. अखेर २०१५ मध्ये वडिलांनी तिला देवळीमार्गे सेवाग्रामला नेले. तेथील कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या काळातले, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढले. आमच्या भागातील पुष्कळ लोक यवतमाळएवढेच सेवाग्रामलाही जातात.

ऑपरेशनपूर्वी तिच्या डोळ्याची लांबी ध्वनिलहरींनी मोजली. त्यावरून किती नंबरचे भिंग बसवायचे ते ठरते. ही मापे घेणे फार महत्त्वाचे, कारण भिंग एकदा बसले की चष्म्यासारखे बदलता येत नाही. डोळ्याजवळ भुलीचे इंजेक्शन दिले. पांढऱ्या भागातून सहासात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून गढूळ भिंग बाहेर काढले, पिशवी मात्र जागेवर ठेवली आणि तिच्यात नवे भिंग सरकवले. बोगदा तिरपा असल्याने आतल्या दाबानेच मिटतो, टाका लागत नाही. पाव तासाचे काम. मोठ्या शहरांत याहून लहान छेदातून, कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात. त्याला पैसे अधिक पडतात. पण चांगल्या हातांनी केले तर दोन्ही रीतींचा परिणाम जवळपास सारखाच येतो, असे डॉक्टर सांगतात.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तेथे नव्हते. ताई होती. आजीने ताईच्या पायांकडे पाहिले व म्हणाली, "चप्पल कुठी गेली वं तुही?" ताई अनवाणीच गेली होती.

त्याच वेळी डॉक्टरांनी उजवा डोळाही तपासला आणि त्याचा उलगडा झाला. त्यात काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू व काचबिंदू या नावांचा आपल्याकडे फार घोटाळा होतो. मोतीबिंदूत भिंग खराब होते, ते बदलता येते. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो व मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळते. ती पुन्हा हिरवी करता येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. भिंग काढलेल्या डोळ्यात हा दाब पुढे वाढू शकतो. दरवर्षी दाब मोजला असता, वेळीच थेंब सुरू केले असते, तर डोळा राखता आला असता. आणि चष्म्याऐवजी त्यातही नंतर भिंग बसवता आले असते, असे त्यांनी सांगितले. वडील काही बोलले नाहीत. बावीस वर्षांत त्या डोळ्याला एकदाही कोणी दाखवले नव्हते, त्यात ते स्वतःही आले.

एवढे होऊन आम्ही शहाणे झालो असे मात्र नाही. २०२१ मध्ये आजीचा डावा डोळाही पुन्हा धुरकट झाला. "मोतीबिंदू परत आला," गाव म्हणाले. मी तेव्हा दहावीत होते, मलाही तसेच वाटले. आजी तर खाटेवर पडूनच राहिली, आता याही डोळ्याचे तेच होणार म्हणून. जवळजवळ वर्षभर आम्ही कोठे गेलो नाही. २०२२ मध्ये यवतमाळला दाखवले तेव्हा कळले की मोतीबिंदू कधी परत येत नसतो. नवे भिंग ज्या पिशवीत बसवतात तिचा मागचा पापुद्रा काही वर्षांनी पुष्कळांच्या बाबतीत जाड होतो. त्यावर 'याग' लेसर नावाचा उपाय आहे. (हे नाव ऐकून वडिलांना होमहवन आठवले. ती यिट्रियम, ॲल्युमिनियम व गार्नेट या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे आहेत.) आजीला यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवले आणि किरणांनी त्या पापुद्र्याला मधोमध लहानसे छिद्र पाडले. चीर नाही, पट्टी नाही. काही मिनिटांचे काम होते, आणि त्यासाठी ती वर्षभर खाटेवर होती.

हे सर्व कळल्यावर मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटू लागले. आपण ऑपरेशने मोजतो. डॉ. एम. सी. मोदी यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची नोंद गिनीज बुकात आहे. आपल्या मराठवाड्याचे डॉ. तात्याराव लहाने यांनी केलेल्या ऑपरेशनांचा आकडा लाखावर गेला. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली आणि वणीपलीकडे वरोऱ्याच्या आनंदवनातही त्यांनी शिबिरे घेतली. १९७६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही उद्दिष्टे ठरत ती किती ऑपरेशने करायची याची. हे आकडे लहान नाहीत. त्यांच्यामागे घरी परत चालू लागलेली माणसे आहेत, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधांपैकी ६६.२ टक्के ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूमुळे आंधळे होते, आणि ७.२ टक्के मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीमुळे. पहिला आकडा शिबिरांत सगळे सांगतात. दुसरा कोणी सांगत नाही. बाबाजी मात्र तोच सांगत होते. त्यांनी पाहणी केलेली नव्हती, एका म्हातारीला पाहिले होते.

म्हणून त्या दिवशी पत्रक बाजूला ठेवून मी त्यांना आमच्या आजीच्या दोन्ही डोळ्यांची हकिकत सांगितली. उजव्याची आधी. डोळा कसा गेला, कोणाच्या चुकीने गेला, आमची चूक कोणती, काही लपवले नाही. मग डाव्याची. मधुमेह असेल तर ऑपरेशनआधी साखर तपासून घ्या, थेंब महिना-दीड महिना सांगितले तसे घाला, दूरचे चांगले दिसले तरी जवळच्या कामाला साधा चष्मा लागेल, दुखले वा लाल झाले तर त्याच दिवशी दाखवा, आणि काही न होताही वर्षातून एकदा दाब मोजून घ्या, इतके सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "वर्षानं जाचं कोनाकडं? तुमची गाडी त उद्या जाते."

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांना विचारले. आपले दत्तक गाव तीन वर्षांचे आहे, तेव्हा पुढच्या वर्षी आपणच येणार आहोत, असे ते म्हणाले. बाबाजींनी नाव काटायला लावले नाही, पण 'हो' असेही म्हटले नाही. त्यांच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह घातले.

जानेवारीत त्यांचे ऑपरेशन झाले. महिन्याने आम्ही दोघीजणी एस. टी. ने जाऊन त्यांना व त्या यादीतील इतर सहा जणांना भेटून आलो. एकाचे डोळे लाल होते, त्यांना परत पाठवले. यादीच्या छापील तक्त्यात 'नाव', 'वय', 'डोळा' व 'शस्त्रक्रियेचा दिनांक' एवढेच रकाने होते. पुढचे दोन, एका महिन्याचा व एका वर्षाचा, मी पट्टीने आखून घेतले आहेत. दुसरा अजून कोरा आहे.